वेढे

छत्तीसला उचकी लागली.
कोणी आठवण काढली म्हणून लागते ती नव्हे.
डाव्या बरगडीखाली
आतून कोणीतरी मारलेली टिचकी.
ठक.
मोजणी सुटली.
निम्मी तार स्टेटरमध्ये, निम्मी बोटांत,
आणि इरफान विचारायलाय, "मामा, किती झाले?"

एकतीस वर्षं उदगीरच्या या गाळ्यात
मी आकडा विसरलो नव्हतो.
चहा पिता पिता, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता
बोटंच मोजून घ्यायची तांबं.

लातूरला यंत्र बसवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले,
आता नव्यासारखे चालाल.
हे वाक्य ओळखीचं आहे.
जळकी मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला
मीच सांगत आलोय ते.

बाविसाव्या दिवशी आतली तार जागची सरकली.
काही केलं नव्हतं मी,
फळीवरचा वार्निशचा डबा काढला, बस.
पुन्हा तीच खोली, तेच गार टेबल,
टाका उसवून त्याच जागी टाका.
दोन्ही वेळा शिवकांतानं माझ्या गळ्यातलं लिंग उतरवून
पदराच्या गाठीत बांधलं.
लिंग अंगावर नसताना थुंकीही गिळू नये, म्हणायचा बाप.
मी तर भुलीत.
माझ्या वाटचा नेम तिनं पाळला,
दार उघडेपर्यंत तोंड मिटून बाकड्यावर.

मग दीड महिना डावा हात झोळीत.
लिंग बसतं ते याच तळव्यावर,
म्हणून पूजाही झोळीतच. एक बेलपान, चमचाभर पाणी,
आणि वर, चार बोटांवर,
कातडीखाली काडेपेटीएवढं ते दुसरं दैवत.
त्याच्याभोवती लाल झालं, गरम झालं.
सुया. पुन्हा सुया.
पू नाही झाला, नशीब, म्हणाले.
नशिबाचा हिशेब हल्ली असा बारीक लागतो.

चालू मोटारीवर वाकायचं नाही.
वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही.
आर्मेचर ग्रोलरवर ठेवून कान लावायचो,
ते आता इरफान ऐकतो
आणि मला येऊन सांगतो, कसं गुणगुणलं.
मी दाराशी स्टूल टाकून बसतो.
तिथूनही कळतं म्हणा, बेरिंग गेलंय का.

तपासणीला एक बारकीशी पोरगी आहे.
छातीवर तबकडी ठेवते, पडद्यात बघत विचारते,
"आता लागतंय का, काका?"
लागतंय.
"आता?"
थोडं.
व्होल्टेज उतरवायलीय, एवढं मला समजतं.
"अजून उतरवलं तर ठोका चुकू शकतो.
असंच ठेवलं तर टिचकी राहील.
कोणतं सोसेल?"
असं मी कधी कुठल्या मोटारीला विचारलं नाही.

निघताना म्हणाली, घरच्यांना सांगून ठेवा हं,
माणूस गेल्यावर हे काढावं लागतं, अग्नीत फुटतं.
म्हटलं, बाई, आमच्यात पुरतात.
बिचारी गोरीमोरी झाली.

येताना एसटीत, चाकूर ओलांडेपर्यंत, तेच दिसत राहिलं:
मांडी घालून बसवलेला मी,
डाव्या तळव्यावर लिंग,
आणि वीतभर वर हे,
बॅटरी संपेपर्यंत मातीला ठोके देत.
शिवकांताला सांगितलं नाही.
ती आधी हसली असती,
मग विचारलं असतं, बॅटरी किती वर्षांची.

डाव्या कुशीला वळलं की जास्त लागतं.
ती झोपेतच हात ठेवते बरगडीखाली.
"मडिवाळ पोटात होता तवा असाच लाथा मारायचा,
रात्री दोनलाच."
तुला बरंय, म्हणतो मी,
तुला महिने तरी माहीत होते.

"मामा, किती झाले?"
तार सगळी सोडवली.
म्हटलं, तू मोज, मोठ्यानं. मी नुसती फिरवतो.
एकपासून.
सत्ताविसाला आतून टिचकी बसली.
तो म्हणाला, अठ्ठावीस.