एवढे

बरगडी आहे. बहुधा रानबैलाची.
गंगापूरच्या खाली, गोदेच्या जुन्या पात्रात,
वाळू चिकटून चिकटून जिथे दगड झाली
तिथून निघाली.
तिच्या एका कडेला ओरखडे, तिरपे,
जवळजवळ सारख्या अंतरावर.

गायधनी सर म्हणाले, एकोणीस.
मी भिंगातून पाहिले, तर वीस.
संध्याकाळी दिव्याची बाजू बदलली
तेव्हा अठरा, आणि एक नुसती भेग.
वहीत पेन्सिलने लिहिले: १९ (?)
आणि त्याखाली, शाईने:
माणसाला तेव्हा मोजता येत होते का?

सर म्हणतात, मांस सोलताना धार घसरली असेल.
किंवा पकड नीट बसावी म्हणून पाडल्या खाचा.
किंवा काहीच नाही,
ऊन उतरेपर्यंत हाताला चाळा.
असेल.
पण मला सातवी खाच सोडत नाही.
ती खोल आहे, तिची धार निराळी.
हत्यार बदलले? की दिवस? की हात?

चाळणीवर यसूबाई बेंडकोळी असते, गोवर्धनची.
चाळणीच्या चौकटीवर तिने विळ्याने चिरा पाडल्यात,
भरल्या दिवसाला एक.
शनिवारी हजेरी जुळवायला बसतो
तेव्हा चूक नेहमी माझ्या वहीची निघते.
एक चीर लांब आहे, पार कोपऱ्यापर्यंत.
"त्या दिवशी लेक आली व्हती.
कामाला न्हाई आले.
म्हून काय दिस झाला न्हाई का?"

तिच्यापुढे बरगडी धरली.
विचारले, किती आहेत?
तिने ओठ हलवले नाहीत.
पदराला हात पुसले,
चाळलेल्या ढिगातून खडे वेचले,
एकेका खाचेला बोट लावत
एकेक खडा डाव्या मुठीत टाकत गेली.
सर घड्याळ बघत होते.
शेवटी मूठ माझ्यापुढे उघडली.
"एवढे."

पांढरे, करडे, नदीने गोल केलेले.
त्यांत एकच तांबडा.
तो तिने सातव्या खाचेपाशी उचलला होता,
मी पाहिले होते.
सातवीबद्दल मी तिला
काही बोललो नव्हतो.

"हा तांबडा का?"

"कोनी आलं असंल त्या दिशी,"
म्हणाली, आणि चाळणीकडे वळली.
वाळू अजून बरीच होती.

खडे मी रुमालात बांधून
बरगडीशेजारी ठेवले आहेत.
मोजले नाहीत.