ओल

उदगीरच्या मोंढ्यात मशीन यायच्या आधी
ओल सांगायला अप्पांचे दात होते.
पोत्यात परखी खुपसायची,
तळहातावर चार दाणे घ्यायचे,
त्यातला एक दाढेखाली.
कट्ट वाजलं तर, "वाळलीया तूर, घ्या."
नाही वाजलं तर नुसती मान हलवायचे
आणि क्विंटलमागे पन्नास रुपये
तिथल्या तिथं उतरायचे.
आडत्याचा भरवसा, माल आणणाऱ्याचा भरवसा,
डावीकडच्या त्या एका दाढेवर.

ती किडली कधी, त्यांनी कळू दिलं नाही.
भोकात तंबाखूची चिमूट, कधी लवंग.
एकदा तर पोती शिवायच्या दाभणानं
कोरत बसलेले मी पाहिलेत, बल्बखाली, आरसा धरून.
"दाढ हाय. दुखंल, मग थांबंल."
थांबलीही. आतून मेली होती.
पुढं नातीशी बोलताना तोंडावर हात धरायचे.
आम्हाला वाटलं, म्हातारपणी लाजायला लागले.

मग ताप.
वैशाखात रजई मागणारा,
उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा दारात.
मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या.
अप्पा जिन्यात चौथ्या पायरीवर बसू लागले.

लातूरला पडद्यावर हृदय दाखवलं.
झडपेवर काहीतरी लोंबत होतं,
हलत होतं,
भिजल्या तुरीला फुटतो तसा कोंब.
डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तोंड उघडा."

मला रागच आला.
छातीसाठी आणलंय ह्यांना,
एसटीत दीड तास उभं राहून.
अप्पा ओठ घट्ट मिटून.
सत्तर वर्षांत त्या तोंडात
कुणी डोकावलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टर तहसीन, आमच्याच नळेगावकडच्या,
बॅटरी लावून बराच वेळ बघत राहिल्या.
"बहुतेक इथूनच गेलंय. हिरडीतून रक्तात,
रक्तातून तिकडं.
तोंड म्हणजे काय वेगळं गाव आहे का, काका?"

तेव्हा अप्पा हसले. हात न धरता.
"पोरी, मला कळाय पायजे होतं गं.
थप्पीत खालचं एक पोतं ओलं राहिलं
की वरची समदी तापत्यात.
मीच सांगायचो की लोकांला."

दाढ काढली ती त्यांनी मागून घेतली.
तळहातावर फिरवली, उजेडाकडं धरली,
आणि सवयीनं मान हलवली.

आता सहा आठवडे सलाईनमधून औषध,
मग झडपेचं बघू, म्हणालेत.
रात्री वॉर्डात मी स्टुलावर.
नळीतला थेंब मोजता मोजता
जीभ आपोआप मागं जाते,
उजवीकडं, शेवटच्या दाढेपाशी.
दोन वर्षं झाली,
मी माठातलं पाणी
डावीकडूनच पिते.