फ्रेम केवढी घ्यायची

भिशी माझी निघाली एप्रिलात
आणि घरात दोन मतं झाली.
हे म्हणाले, कूलरची मोटर गेली आहे.
मी काहीच म्हटलं नाही,
पर्समध्ये टेप टाकली अन् बर्डीचा ऑटो धरला.

दुकानात मशिनी ओळीनं मांडलेल्या,
दवाखान्यातल्यासारख्या पांढऱ्या.
एकीची फ्रेम चार इंच बाय चार,
दुसरीची पाच बाय सात.
मधल्या त्या फटीचे एकोणीस हजार.
मी टेप लावून पाहिली. खरंच चार होते,
काठाकाठानं थोडे कमीच.
काउंटरवरचा खापेकर हसला,
"मावशी, काढायचं काय आहे तुम्हाले?"

नावं.
मेयोतल्या सिस्टरांच्या एप्रनवर,
खिशाच्या वर, निळ्या दोऱ्यात.
हिशोब मी घरीच केला होता, गॅसच्या पावतीच्या पाठीवर:
हेडाऊ मावतं, पराते मावतं,
सोनकुसरे बाई पूर्ण नावाचा आग्रह धरतात,
त्या मावत नाहीत.
बाबा मागावर बसायचे तांडापेठेत. म्हणायचे,
पन्हा आधी, नक्षी मागून;
जो उलटं करतो त्याचा काठ दुमडतो.
माग विकला तेव्हा मी नववीत होते.
पन्हा राहिला बोलण्यात.

"अक्षरं साठ प्रकारची आहेत यात," खापेकर म्हणाला.
मराठी?
तो आत जाऊन विचारून आला.
"मराठी नाही. पेनड्राइव्हनं टाका लागते.
सांगा, नाव सांगा."

मी ज्योत्स्ना सांगितलं.
रेशन कार्डावर जोसना, बँकेत ज्योसना,
यांच्या तोंडी 'ऐकून राह्यली का'.
दोनदा खोडून त्यानं नीट लिहिलं.

मग सुई सुटली.
आधी सुटी अक्षरं आली, उघड्या डोक्याची,
ज्यो, अर्धा त, अर्धा स, ना,
बालवाडीत शिकवतात त्याच क्रमानं,
आणि मग ती परत डावीकडे गेली
डोक्यावरून रेघ ओढायला.
अर्ध्यात लाइट गेली.

"हात नका लावू," खापेकर अंधारातून ओरडला,
"फ्रेम हलली का जागा गेली."
मी हात मांडीवर ठेवले.
ना उघडाच होता.
पर्समध्ये सुई होती, दोरा ओवलेली,
एका धावदोऱ्यात झाकला असता.
बाहेर हॉर्न, आत मानेवरून घाम,
आणि एवढा वेळ नुसतं बसून राहायची
आमच्यात कुणाला सवय नाही.

लाइट आली. मशीन तीन टाके मागं सरकली,
कुठं होते मी, असं चाचपून,
मग पुढं. ना झाकला गेला.
"मोठीलेही हे येते?"
"दोघींलेही."
म्हणजे पुन्हा इंचांवरच आलो.

लहान घेतली.
सोनकुसरे बाईंची फ्रेम दोनदा लावीन,
जोड दिसला तर पैसे कमी घेईन.
उरलेल्यात मोटरही आली,
थोडा आवाज करते.

नमुन्याचा तुकडा त्यानं फुकट दिला.
ऑटोत मी तो उलटा करून पाहिला,
बाबा कापड तसंच पाहायचे.
मागून नाव वाचता येत नव्हतं,
पण रेघ तिकडूनही सरळ होती.