बाराव्या पडद्यावरची सही

मनामात जासिमच्या दुकानात
बावीस गिटारी टांगलेल्या,
सगळ्यांच्या खांद्याला उजवीकडे खाच,
एकीच्याच डावीकडे.
मी लिफ्टचा मेकॅनिक,
दार कुठल्या अंगाने उघडतं
ते मला रस्त्यावरूनच कळतं.

दोन वर्षं झाली, जासिम म्हणाला,
मागवणारा कॅनडाला गेला, ही राहिली.
लोक उतरवतात, मांडीवर घेतात,
आणि चूक स्वतःची असल्यासारखे
हळूच परत टांगतात.

गासच्या चर्चमध्ये एकच गिटार होती, उजवी.
मी ती पालथी धरायचो,
जाड तार खाली, बारीक वर,
सगळे कॉर्ड मनात उलटे करून.
फादर म्हणायचे, पास्कू, देवाला चालतं रे,
लग्नाच्या व्हिडिओत तेवढं बरं दिसत नाही.

हिच्या बाराव्या पडद्यावर
शिंपल्यात कोरलेली कुणाची तरी सही.
कुणाची? जासिमलाही लागेना.
माझा आजा, तो म्हणाला,
नाकाला चिमटा लावून शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा.
मोती गेले ज्याचे त्याच्याकडे.
शिंपल्याला तेव्हा कोण विचारत होतं!

एकशे पासष्ट दिनार.
तीन पगारांत, पंचावन्न पंचावन्न.

मग त्याने पावती लिहायला घेतली,
उजवीकडून डावीकडे,
डाव्या हाताने.
हात पुढे, शाई मागे,
एक अक्षर फरफटलं नाही.
मी माझ्या करंगळीची कड पाहिली,
जी शाळाभर निळी असायची,
एजंटाच्या करारावर जिने
माझंच आडनाव पुसलं होतं.
तू पण? मी विचारलं.
जेवताना नाही, तो हसला. लिहिताना. आणि ऊद वाजवताना.

खोलीवर सहा जण.
वायर लावली तर सगळा कॅम्प ऐकेल,
म्हणून नुसतीच, पोटाशी धरून,
बिजुमोनची सकाळची पाळी आहे.
पहिला कॉर्ड धरला
आणि काहीतरी भलतंच वाजलं.
पुन्हा धरला. पुन्हा भलतंच.
जाड तार वर होती,
जिथे ती असायला हवी तिथेच,
आणि माझ्या बोटांना
वीस वर्षांत ती तिथे कधी भेटलीच नव्हती.

इमदाद पांघरुणातून म्हणाला,
फसवलं का रे तुला?
तारा उलट्या लावून टाक, दहा मिनिटांचं काम.
पक्कड माझ्या उशाशीच असते.

नाही लावल्या.
शुक्रवारी मिस्साहून येताना
दुकानात पहिला हप्ता दिला.
जासिमने कागदाच्या उलट्या बाजूवर
माझं नाव लिहून दाखवलं.
अरबीत प नाही, म्हणून बास्काल.
आता लिफ्ट खाली येईपर्यंत
वहीत गिरवतो, बे, अलिफ, सीन,
आणि रात्री सी मेजर,
बोटं एकेक करून जागेवर ठेवत,
आईने पाटावर बसवल्यासारखी.
करंगळी अजून चुकते.
पण कोरडी असते.