कानामागे

फॉरेस्टरहिलच्या तळघरात
अंगठी, किल्ल्या, पट्टा, सुटी नाणी
सगळं कुमुदच्या ओंजळीत रिकामं करून
मी त्या पांढऱ्या बोगद्यात आडवा झालो.
"हलू नका," काचेपलीकडून एल्स्पेथ म्हणाली,
"आणि शक्यतो नाक खाजवू नका."
लगेच नाक खाजू लागलं.

वरच्या आरशात डोळे येत होते.
नुसते डोळे, भुवईपासून गालाच्या कडेपर्यंत कापलेले.
कुणाचे ते सांगायचं नव्हतं,
मनात काय चाललंय तेवढं ओळखायचं.
खाली चार शब्द, हाताशी चार बटणं.
चिडलेली. साशंक. कंटाळलेली. खेळकर.

सातव्या चित्रातली बाई रुसली होती.
चिडली नव्हती, रुसली होती,
म्हणजे दाराआड उभी होती कडी न लावता,
कुणी येऊन विचारील म्हणून.
रुसव्याला बटण नव्हतं.
मी 'कंटाळलेली' दाबलं
आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली.

मशीन पत्र्यावर हातोडा मारत राहिलं.
बत्तीस वर्षं तेलाच्या रिगवर मी पंप ऐकले,
नुसत्या घरघरीवरून सांगायचो
कुठलं बेअरिंग आठवड्याभरात जाणार.

नंतर एल्स्पेथनं पडद्यावर माझा मेंदू दाखवला,
फ्लॉवरच्या गड्ड्याचा आडवा काप.
"इथं बघा. उजव्या कानाच्या मागे, जरासं वर.
दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना हा भाग जागा होतो."
"म्हणजे कानामागेच?"
मी का हसलो ते तिला कळलं नाही.
कसं सांगू, बाई,
जे ऐकायचं नसतं ते आम्ही तिथंच टाकतो.
'या रविवारी तरी समुद्रावर जाऊ या.'
'इथली दुपार खायला उठते हो.'
'काही नाही, सहज म्हटलं.'
एवढ्या अडगळीत
दिवा लागला हेच नवल.

बाहेर कुमुद बसली होती,
माझी अंगठी स्वतःच्या अंगठ्यात घालून.
मी तिच्या डोळ्यांत पाहिलं.
खाली शब्द नव्हते.
"नाक खाजत होतं ना?" ती म्हणाली.

बसथांब्यावर सीगल कुणाच्या तरी चिप्सवरून भांडत होते.
मी म्हटलं, "समुद्रावर जायचं?"
तिनं कोटाचं वरचं बटण लावलं.
"आज वारा आहे," म्हणाली.

हे हो होतं की नाही,
बस आली, दार उघडलं,
ड्रायव्हरनं विचारलं कुठं जायचंय,
तरी मी तिच्याकडेच बघत होतो.