प्रश्न सतरावा

मूल बोट दाखवतं का?

विशाखा मेथर जाळं शिवता शिवता थांबली.
"खंयची बोट? ह्येच्या बापाशीची?
ती परवा गेली. अजून इली नाय."

मी माझं बोट वर केलं, माडाच्या शेंड्याकडे.
असं, म्हटलं. लांबचं काही दिसलं की
आपल्यालाही दिसावं म्हणून.
ती माडाकडे बघत राहिली, मग भार्गवकडे.
तो वाळूत पालथा, गाल जमिनीला लावून.
वय तीन वर्षं सात महिने.

दोनच चौकोन होते. मी "नाही"वर खूण केली.
पेन धड चालत नव्हतं,
दोनदा गिरवावं लागलं.

दुपारी त्या दोघांना सर्जेकोटहून मालवणात नेलं,
पुण्याहून आलेल्या टोपीपाशी.
एकशे अठ्ठावीस तारा, प्रत्येकीच्या टोकाला स्पंज.
मिठाच्या पाण्यात भिजवून घालतात, तंत्रज्ञ म्हणाला,
मेंदूत जरासं काही हललं तरी उमटतं.
"मीठसुद्धा पुण्यासून हाडलात?"
दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली.

मग टोपी उलटी करून, दोन बोटं घालून
तिनं तारांमधलं अंतर मोजलं,
विकतच्या जाळ्याची आस मोजावी तसं.
"आस मोठी आसा. बारीक काय ता भायर जातला."
तंत्रज्ञानं मान हलवली. तो खरंच विचारात पडला होता.

भार्गवनं टोपी घालू दिली नाही.
चार वेळा प्रयत्न. चौथ्यांदा मनगटाला चावला.
नोंद अपूर्ण, असा शिक्का आमच्याकडे तयार असतो.

संध्याकाळी घरी सोडलं. मी चहाला नको म्हणत होते,
तेवढ्यात तो उठला,
भिंतीला कपाळ टेकवून
घशातल्या घशात घुमू लागला, एकाच सुरात.
समुद्रावर काही नव्हतं. मी नीट पाहिलं.
विशाखानं पाटी उचलली.
"इली," म्हणाली, आणि चालू पडली.

मला इंजिन ऐकू आलं
कप धुऊन पालथा घातल्यावर.

शेऱ्यासाठी अर्धा इंच जागा असते.
तिथे लिहिलं :
बोट दाखवत नाही. ऐकवतो.

रात्री ओरोसहून डेटा भरणाऱ्या पोराचा फोन.
ताई, सतराव्यापुढे काहीतरी लिहिलंय,
हे कुठल्या रकान्यात टाकू?
रकाना नाही, म्हटलं.
राहू दे तसंच, काठावर.