टायमर

आग्नेलने गीझरला टायमर बसवला,
त्याच्या चकतीवर शहाण्णव दात.
एक दात म्हणजे पाव तास.
दाबला की पाणी तापतं.

पहाटेचे दोन मी आधी दाबले, पावणेपाचपासून:
गुरुदासची पहिली पाळी,
डिचोलीच्या नाक्यावर सहाच्या आत खाणीची बस.
मग साडेसहाचा एक, सियाच्या शाळेचा.
आणि दुपारचे चांगले तीन,
कारण घरी यायचा तेव्हा
कानामागेसुद्धा तांबडी माती,
पहिल्या तांब्याला मोरीतून
लाल ओहोळ थेट केळीपर्यंत.

खाण बंद झाली.
बिल बघून दुपारचे दात मी उचलले.
त्याने विचारलं नाही.
गार पाणी अंगावर घेत म्हणाला,
उकडतंच आहे गो. पौष होता.

पहाटेचे दोन राहू दिले.
पावणेपाचला टक्क होतं,
तो उठतो, न्हातो, भांग पाडतो
आणि चपला घालून पायरीवर बसतो,
नाक्याकडे तोंड करून.
बस आता कुठल्या शेडमध्ये गंजते
ते त्यालाच ठाऊक.

काल रात्री दोन तास वीज गेली,
चकती तेवढी मागे पडली.
सियाने गार पाण्यानेच उरकलं, कुरकुरत.
हा मात्र गाढ, तोंडावर ऊन येईतो.
किती वर्षांनी त्याला उजेडात झोपलेलं पाहिलं.

टक्क झालं. दचकून म्हणाला, उशीर झाला.
कशाला, ते त्यालाही सांगता येईना.

तो न्हायला गेल्यावर
चकती मी पुढे सरकवली,
पण एकच तास.